पान एकवीस ते पंचवीस

भडगाव तालुका
९ फेब्रुवारी २०२५

चिरंजीव वना,

कसा शे रे? तुझी मोठी काकू तानुबाई सांगते आणि रईसा लिहिते. रईसा म्हणजे आपल्या शेजारच्या अन्वरभाऊ रजईवाल्याची पोरगी, यंदा बारावीला आहे. माझा हात हल्ली लिहिताना थरथरतो, म्हणून तिला बसवलं. अक्षर तिचं, बोलणं माझं. पोरीने मध्ये स्वतःचं काही घुसडलं तर मला कळव.

(मी काही घुसडत नाही, वनाभाऊ. – रईसा)

बघ, घुसडलंच.

सोबत चार पानं पाठवतेय. ओळखलीस का? आपल्या भाऊबंदकीची कानबाईची वही. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई देवी बसते तेव्हा बाया जिच्यातून गाणी म्हणतात, तीच. मी लग्न होऊन आले त्याच्या चौथ्या वर्षी ही माझ्या हाताने उतरवली होती. आता कागद पापडासारखा मोडतोय. आपल्याकडची रीत तुला सांगते, कारण तू असतोस कुठे ऐकायला! वही मोडायला आली की घरातल्या एकाने ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत हाताने उतरवायची. शेवटी लिहायचं, ‘दिसलं तसं उतरवलं, पदरचं काही घातलं नाही,’ आणि त्याखाली स्वतःचं नाव घालायचं. आजवर पाच नावं झाली. पहिलं काशिरामचं. त्याच्या भावजयांना गाणी येत होती पण लिहिता येत नव्हतं, म्हणून त्याने ऐकून लिहून घेतली. पाचवं नाव माझं. सहावं तुझं व्हावं असं मी ठरवलंय.

हितेंद्रला आधी विचारलं होतं. पोटचा पोरगा, ऑफिसात बसतो, अक्षर मोत्यासारखं. तो म्हणाला, “आई, मोबाईलवर फोटो काढतो, दहा मिनिटांत घरातल्या बठ्ठ्यांच्या फोनात जाईल.” मी म्हटलं, “आणि तुझ्या डोक्यात किती जाईल?” तो हसला आणि जळगावला निघून गेला. फोटो मी काढू दिला नाही. फोटो काढला की माणसाला वाटतं काम झालं.

तू म्हणशील, सातवी नापास पोराला हे काम का? बाकीच्यांना वेळ नाही आणि तुला धीर नाही. वेळ मला कोणाला देता येत नाही. धीर कदाचित लिहिता लिहिता लागेल.

यंदा कानबाई तीन ऑगस्टला. एकूण शेहेचाळीस पानं. थोडी थोडी पाठवत जाईन. उतरवून झाली की जुनी-नवी दोन्ही परत पाठव. शिवायचं काम अन्वरभाऊ करणार आहे.

तानुबाई

*

जैसलमेर जिल्हा
२१ फेब्रुवारी २०२५

अक्का,

पत्राच्या सुरुवातीला काय काय लिहायचं असतं ते बाईंनी शिकवलं त्या दिवशी मी गिरणेत पोहत होतो. तेव्हा नमस्कार धर आणि पुढे वाच.

पाकीट मिळालं. इथल्या पोस्टातून प्रेमराजने आणलं. तो इथलाच, पलीकडच्या वस्तीवरचा, माझ्यासोबत प्लेटा धुतो. सोलरच्या प्लेटा. फोनवर मी तुला नुसतं ‘कंपनीत आहे’ म्हणतो, कारण हे फोनवर सांगता येत नाही. अक्का, इथे नजर जाईल तिथवर निळ्या काचा आहेत. सगळ्या एकाच बाजूला तोंड करून. कोणीतरी बोलणार आहे आणि ह्या ऐकायला जमल्यात असं वाटतं. वाळू बसली की त्या आंधळ्या होतात, मग आम्ही पाइपने आणि लांब दांड्याच्या फडक्याने धुतो. उजाडताना धुतो आणि ऊन उतरल्यावर धुतो. मधल्या वेळी काच तापलेली असते, पाणी मारलं तर तडकते. त्यामुळे दुपारभर शेडखाली बसून राहायचं.

लांबून उडत येणाऱ्या बदकांना हे तळं वाटतं. पाय पुढे काढून उतरतात, काचेवर घसरत जातात, मग उठून मान फिरवतात आणि कोणी पाहिलंच नाही असं दाखवतात. मी पाहिलेलं असतं.

आता तुझ्या कामाचं. सुरतला साड्यांच्या घड्या, वापीला रंगाचे डबे, पुण्याला हॉटेल, धुळ्याला टायरचं दुकान, अशी सात वर्षांत नऊ कामं सोडली मी. वाईट चाललं म्हणून एकही सोडलं नाही. चांगलं चालायला लागलं की माझ्या पायांना मुंग्या येतात. अशा माणसाकडून शेहेचाळीस पानं? नाव माझं धरू नको. आली आहेत तेवढी चार लिहिली, ती सोबत आहेत. शेडमध्ये सगळे हसत होते, वना सरकारी कागद करतोय म्हणून.

वना

*

१२ मार्च २०२५

चिरंजीव वना,

चार पानं पाहिली. तुझ्या ओळी उजवीकडे चढत जातात, बकरी टेकाडावर चढावी तशा. त्या चढू दे. पण दुसऱ्या पानावर एक ओळ गाळलीस. कानबाई दाराशी उभी आहे, आणि तिला आत घेतल्याशिवाय तू पुढच्या गाण्याला लागलास! बिचारी अजून उंबऱ्याबाहेर उभी आहे. ते पान पुन्हा लिही.

गोळीचं पेन वापरू नको. शाईचं पेन घे. हात सावकाश चालतो आणि सावकाश चाललेल्या हाताला ओळ सापडते.

सोबत पाच ते वीस. नाव धरायचं की नाही ते शेवटी बघू.

तानुबाई

(शाईचं पेन अब्बांनी दिलंय, पाकिटात आहे. गळतं, पण वाईट सवयीचं नाही. – रईसा)

*

९ एप्रिल २०२५

अक्का,

कानबाईला आत घेतलं. पाच ते तेरा सोबत आहेत. चौदा ते वीसही हातात आहेत, दुपारी लिहितो.

एक विचारायचं होतं. चौदाव्या पानावर ‘हिरांजी पाट’ असं लिहिलंय. कानबाईला बसायला हिरांजी पाट दिला. हिरांजी म्हणजे काय? प्रेमराजला विचारलं, तो म्हणाला दगडाचं नाव असेल. मुकादमाला विचारलं, तो म्हणाला काम कर.

आणखी एक सांगतो, हसू नको. लिहून झालं की ते कागदावर राहत नाही. संध्याकाळी पाइप धरला की तोंडात येतं. रांगेतून चालताना मी एक ओळ म्हणतो, पुढच्या प्लेटेवर दुसरी म्हणतो. एका रांगेत ऐंशी प्लेटा. परवा रांग संपली तेव्हा तुझं तिसरं गाणं बरोबर संपलं. मी तिथेच उभा राहिलो. ओल्या काचेत आभाळ होतं, खाली माझे पाय होते, आणि मला कळेना की मी उभा कुठे आहे. आपल्या दारात आहे, का वाळवंटात आहे, का त्या पानात आहे. मुकादमाने शिटी मारली तेव्हा खाली उतरलो. म्हणजे उतरलो कुठून, मी तर खालीच होतो.

पायांना मुंग्या अजून आल्या नाहीत.

वना

*

२६ एप्रिल २०२५

चिरंजीव वना,

हिरांजी म्हणजे काय ते मला माहीत नाही. माझ्या सासूलाही माहीत नव्हतं. मी तिला विचारलं होतं तर ती म्हणाली, “दिसस तसं लिख.” तूही दिसतं तसं लिही. आपल्याला कळलं नाही म्हणून गाळलं, तर ज्याला कळलं असतं त्याच्यापर्यंत ते पोचणारच नाही.

सोबत एकवीस ते पंचवीस. ही पाच जपून. ह्यात कानबाईची वाट आहे. ती कुठून निघाली, कोणत्या गावाला थांबली, कोणी पाणी दिलं, कोणी दिलं नाही. बाकीची गाणी खानदेशात घरोघर थोड्याफार फरकाने म्हणतात. ही वाट फक्त आपल्या वहीत आहे. म्हणून ही मी रजिस्टरने पाठवतेय.

इकडे ऊन फार आहे. मी बरी आहे. तू लिहिलेलं रोज थोडं वाचते.

तानुबाई

*

२ जून २०२५

तीर्थस्वरूप अक्का यांस वनाचा साष्टांग नमस्कार.

आपण सर्व खुशाल असाल. मीही खुशाल आहे. येथे मागच्या महिन्यात आंधी आली होती, परंतु काळजीचे कारण नाही. चौदा ते वीस जुन्यांसकट आधीच पाठवली आहेत; एकवीस ते पंचवीस ही पाने लिहून पूर्ण झाली आहेत, ती सोबत पाठवीत आहे. त्यांची जुनी पाने फार नाजूक झाली आहेत, म्हणून पोस्टाने न पाठवता मी येताना घेऊन येईन.

उरलेली पाने सवडीने पाठवावीत.

आपला आज्ञाधारक
वना

*

११ जून २०२५

वनाभाऊ,

हा कागद मी माझा लिहितेय. अक्कांना माहीत नाही. सव्वीस ते शेहेचाळीसची पानं त्यांनी सांगितली तशी वेगळ्या पाकिटात मागच्या आठवड्यातच पाठवली आहेत.

तुम्हाला एक गोष्ट माहीत नाही. अक्कांना दिवाळीपासून दिसत नाही. हात थरथरतो हे कारण नाही. धुळ्याला दाखवलं, डॉक्टर म्हणाले आता परत येणार नाही. उजेड-अंधार कळतो, तेवढंच. हितेंद्रभाऊंना माहीत आहे. तुम्हाला कळवू नका असं अक्कांनी बजावलं होतं. “त्याला दया आली तर तो दयेने लिहील, मला ते नको,” असं म्हणाल्या. तुमची पानं मी वाचते आणि त्या ऐकतात. बकरी टेकाडावर चढते ते मी सांगितलं होतं. पण गाळलेली ओळ त्यांनीच पकडली होती, कानाने.

तुमची ती पाच पानं आली तेव्हा अक्का शेंगा फोडत बसल्या होत्या. मी वाचायला लागले. पहिल्या दोन ओळी झाल्या आणि तिसऱ्या ओळीला त्यांचा हात थांबला. सगळं वाचून झालं. मग म्हणाल्या, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, त्या दोनच ओळी परत वाच:

‘कानबाई उनी काचना वावरमा
पानी दिसस, पानी नही’

आणि मग मला विचारलं, “रईसा, खानदेशात काचेचं वावर कुठे आहे गं?” मी म्हटलं, मला काय माहीत. त्या उठून आत गेल्या. त्याला आता चार दिवस झाले. पानांविषयी बोलत नाहीत. जेवतात थोडं.

वनाभाऊ, मी पानं पाठवण्याआधी चोरून फोटो काढायला हवे होते. काढले नाहीत. त्यांच्या शब्दाला दिसत नसतानाही घाबरले.

जुनी पानं तुमच्याकडे असतील तर लगेच पाठवा. नसतील तर खरं लिहा. पत्र मी वाचणार आहे, तुम्ही खोटं लिहिलंत तर ते मला माझ्या तोंडाने वाचावं लागेल.

रईसा

*

२० जून २०२५

अक्का,

रईसाने मला लिहिलं. तिला रागवू नको.

पानं माझ्याकडे नाहीत.

मे महिन्याची बारा तारीख. दुपारचे दोन वाजले होते. शेडखाली बसून एकविसावं पान लिहीत होतो, दोन ओळी झाल्या होत्या. पेनातली शाई संपली. दौत माझ्या पेटीत होती, दहा पावलांवर. पानांवर काहीतरी वजन ठेवून उठावं म्हणून बघितलं तर जवळ काहीच नव्हतं, फक्त माझी चप्पल होती. कानबाईच्या पानांवर चप्पल कशी ठेवू? नाही ठेवली. दहा पावलंच तर जायचं होतं.

पेटी उघडली आणि आभाळ पिवळं झालं. इकडे आंधी येते ती सांगून येत नाही. मागे वळलो तर पाचही पानं उभी राहिली होती. खरंच सांगतो, आधी उभी राहिली, मग चालायला लागली. मी आणि प्रेमराज रांगांमधून पळालो. डोळ्यांत वाळू, काही दिसेना. एक पान प्लेटेला चिकटलेलं सापडलं. हात लावला, त्याचा चुरा झाला आणि चुराही उडाला. दोन दिवस आम्ही कुंपणापर्यंत शोधलं. प्रेमराजने वस्तीवरच्या पोरांना शोधायला लावलं. काही नाही.

मग मी बॅग भरली. नेहमीसारखी. फाट्यावर जाऊन बसची वाट बघत बसलो, मुंद्र्याला एक ओळखीचा आहे. तीन बस गेल्या. दरवेळी उठावं म्हटलं की तुझं वाक्य आठवे, ‘ही वाट फक्त आपल्या वहीत आहे.’ मी गेलो असतो तर वहीत ती कुठेच नसती. परत आलो. तुला सांगायची छाती नव्हती. कोरी पानं पाठवली असती तर तू म्हणाली असतीस, वनाने दहावं काम सोडलं. म्हणून लहानपणी कानावर पडलेलं आठवायला बसलो. दोन ओळींच्या पुढे काही येईना. वाट आठवेना म्हणून मला जी वाट दिसत होती तिच्यावरून कानबाईला चालवलं. मला वाटलं, तुझं वय झालंय, तुझ्या लक्षात येणार नाही. तुझ्याविषयी मी असं समजलो, ते पानांपेक्षा जास्त लागतंय.

तुझ्या डोळ्यांचं मला सांगायला हवं होतंस. पण हे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

सव्वीस ते पंचेचाळीस लिहून झाली आहेत, जुन्यांसकट सोबत आहेत. ही एकही शेडमध्ये लिहिली नाहीत, पत्र्याच्या खोलीत दार लावून लिहिली. शेहेचाळिसावं पान म्हणजे सहीचं पान. त्यावर वरची पाच नावं उतरवली आणि थांबलो. ‘पदरचं काही घातलं नाही’ हे मला लिहिता येणार नाही. वही तू दुसऱ्या कोणाच्या नावाने पुरी कर.

वना

*

१२ जुलै २०२५

वना,

आधी माझं ऐक. चप्पल ठेवायची होतीस रे गाढवा! कानबाई पायी चालत आलेली बाई, तिला चपलेचं काय? तिने ती पायात घातली असती. उद्या हितेंद्र आला की त्यालाही सांगणार आहे, पानांवर पाय नाही पण चप्पल चालते.

पंधरा दिवस मी तुझ्याशी मनात भांडत होते. तू हरवलंस त्याचा राग एक दिवसात गेला. वारा आहे, त्याने माझंही ऐकलं नसतं. हरवलेलं झाकलंस त्याचा राग राहिला. मग रईसा म्हणाली, “अक्का, तुम्ही पण डोळे झाकलेच ना?” पोरगी आगाऊ आहे. पण बोलली ते खरं.

आता काय झालं ते सांगते. मला वाटायचं, मला ही वाट पाठ आहे. सत्तेचाळीस वर्षं म्हणतेय. बसले म्हणायला, आणि वीस-बावीस ओळींनंतर अंधार. तेव्हा कळलं की मी पाठ करत नव्हते, वहीकडे बघत होते. म्हणून रईसाचा हात धरून भाऊबंदकीतल्या म्हाताऱ्या बायांकडे गेले. कोणी दोन ओळी दिल्या, कोणी एक, कोणी चहा. वहीतलं चौथं नाव सीतारामचं, त्याची सून म्हणे, “कानबाई नशिराबादले थांबनी व्हती.” लगेच तिची जाऊ उसळली, “तुले काय मालूम! ती सोनगीरले थांबनी, तांब्याना गडूमा पानी पिनी.” दोघी अशा भांडल्या की मधलं गाणं तिसऱ्याच बाईने पुरं केलं. रईसाने बठ्ठं लिहून घेतलं. अडीच पानं भरली. पुढची अडीच कोणाकडेच नाहीत. गेली.

रीत अशी की वहीत कोरं पान ठेवत नाहीत. म्हणून तुझ्या ओळी बायांना म्हणून दाखवल्या. बठ्ठी पाच पानं. तुला गोड वाटावं म्हणून सांगत नाही, ओळी बऱ्या आहेत, फार बऱ्या नाहीत. दोघी म्हणाल्या, काढून टाका, कानबाई कधी काचेवरून चालते का? एक म्हणाली, राहू द्या, गेले ते दिवस, आता पोरं जिथे जातात तिथे तिलाही जावं लागणार. मग तुझी ती ओळ आली, जिथे कानबाई काचा धुणाऱ्या पोराला विचारते,

‘कोन धुवस ह्या काचा, कोना पोऱ्या तू?’

आणि पोरगा काहीच बोलत नाही. ते ऐकून सीतारामची सून म्हणाली, “वना तठे उनमा एकलाच ऱ्हास का?” मी म्हटलं, प्रेमराज नावाचा एक आहे. ती म्हणाली, बरं.

तर ठरलं असं. बायांनी दिलेली अडीच पानं आधी येतील, सोबत पाठवतेय, ती तू तुझ्या हाताने उतरव. नशिराबाद आणि सोनगीर दोन्ही लिही, भांडण मोडायचं नाही. त्यापुढची अडीच पानं तुझी राहतील. पण ती तुझी म्हणून राहतील, कानबाईच्या पदराआड लपून नाही. दुसऱ्या कोणाच्या नावाने वही पुरी होणार नाही. लिहिलंय तू, नाव तूच घालायचं. खाली खोटं असलं तर वरचं बठ्ठं खोटं ठरतं, म्हणून सहीच्या पानावर काय लिहायचं ते तुझं तू बघ. मी शब्द सांगणार नाही. आजवर पाच जणांनी एकच वाक्य लिहिलं, आम्हाला सोपं होतं.

पंचवीस तारखेपर्यंत पोचव, अन्वरभाऊने सुई-दोरा काढून ठेवलाय. आणि तीन तारखेला कानबाईच्या रोटाच्या जेवणाला येतोस का ते कळव.

तानुबाई

*

२० जुलै २०२५

अक्का,

अडीच पानं उतरवली. माझी अडीच पुन्हा लिहिली, तिथे जागा कमी झाली म्हणून बऱ्याच ओळी काढाव्या लागल्या. काढल्यावर बऱ्या वाटल्या.

रोटाला येत नाही. मुकादमाने रजा दिली नाही. फेब्रुवारीतला वना असता तर काम टाकून आला असता आणि तुला आनंद झाला असता. मी थांबतोय. रोटाच्या गव्हात प्रत्येकाची पडते तशी माझ्या नावाची मूठ तू टाक, आणि बाया म्हणतील तेव्हा रईसाला फोन चालू ठेवायला सांग. फोन चालतो ना? फोटो नाही म्हणालीस, फोनला काही म्हणाली नाहीस.

सहीचं पान सोबत आहे. रईसा, हे तू वाचशील तेव्हा सावकाश वाच. अक्का, आवडलं नाही तरी बदलू नको.

वना

*

पान शेहेचाळीस

काशिराम, भागाबाई, दगूबाई, सीताराम, तानुबाई. ह्या पाच जणांनी ही वही ऐकली, दिसली तशी उतरवली आणि पदरचं काही घातलं नाही. ते खरं आहे.

पुढे ही वही जो कोणी उतरवेल त्याला सहाव्याचा नमस्कार. तू बाई आहेस की पुरुष, कोणत्या गावी बसून लिहितोयस, मला माहीत नाही. आपण भेटणार नाही. तरी तुला खरं सांगायचं आहे.

पान एक ते वीस आणि सव्वीस ते पंचेचाळीस दिसली तशी लिहिली. कळलं नाही तेही लिहिलं. एकवीस ते पंचवीस ही पाच पानं माझ्या हातून वाऱ्यावर गेली, राजस्थानात, बारा मे २०२५ ला. माझी चूक. एकविसाच्या पहिल्या दोन ओळी मूळच्या आहेत. तिथून तेविसाच्या मधल्या रेघेपर्यंत घरच्या बायांनी आठवून सांगितलं आणि अन्वर रजईवाल्यांच्या रईसाने लिहून घेतलं. आठवणीत भांडण होतं तिथे दोन्ही बाजू ठेवल्या आहेत. रेघेच्या खाली पंचविसाच्या शेवटापर्यंत जे आहे ते कानबाईचं जुनं गाणं नाही. ते माझं आहे. मी तिथे काचा धुवायचो.

मूळ पानं कधी कुठे सापडली तर माझं काढून ती घाल, मला वाईट वाटणार नाही. सापडली नाहीत, तर माझ्या ओळींशी आल्यावर तुझा हात थांबेल. थांबू दे. त्या ठेवायच्या की गाळायच्या ते तू ठरव. काय ठरवलंस ते इथे खाली लिही, आणि मग तुझं नाव घाल.

वना